खणात पडून असलेली औषधाची चिठ्ठी

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ४३ वर्षांच्या असून तांत्रिक पुस्तिकांचे संपादन करणाऱ्या एका विभागात काम करतात. दोन वर्षांपूर्वी विभागाची संपूर्ण जबाबदारी त्यांच्याकडे आली आणि तेव्हापासून कामाची घडी विस्कटत गेली. तीन सविस्तर भेटींनंतर मानसोपचारतज्ज्ञांनी एडीएचडीचे, म्हणजे लक्ष टिकवणे आणि चंचलता आवरणे कठीण जाणाऱ्या विकाराचे, निदान केले आणि मेथिलफेनिडेट हे औषध कमी मात्रेत सुरू करून पाहण्यास सुचवले. त्या औषधाची चिठ्ठी ११ आठवडे टेबलाच्या खणात पडून आहे. पती विचारतात, "इतकी वर्षे गोळीशिवाय निभावलेस, मग आताच काय झाले?" मधल्या काळात एका मैत्रिणीने स्वतःची एक गोळी दिली, त्या दिवशी काम झपाट्याने झाले आणि त्यामुळे गोंधळ कमी होण्याऐवजी वाढला. त्यांचा रक्तदाब अधूनमधून वाढलेला आढळतो आणि नैराश्यासाठी फ्लुओक्सेटिन चालू आहे. औषधाचे व्यसन लागेल का, स्वभाव बदलेल का, आणि आपल्याला औषध लागते हे मान्य करणे म्हणजे हार मानणे नव्हे का, असे त्यांचे प्रश्न आहेत.

तुमचे पत्र वाचताना एक गोष्ट मला सतत जाणवत राहिली. स्वतःचे वर्णन करताना तुम्ही 'वेंधळी', 'आळशी' आणि 'आरंभशूर' असे तीन शब्द वापरले आहेत आणि पत्र लांबल्याबद्दल तीनदा क्षमा मागितली आहे. निदान सांगणारा शब्द मात्र संपूर्ण पत्रात एकदाच येतो, तोही 'म्हणे' जोडून. औषध घ्यावे की नाही, या प्रश्नाआधी बहुधा हाच प्रश्न तुमच्यासमोर उभा आहे: ज्याला आयुष्यभर स्वभावदोष म्हटले, त्याला आता दुसरे काही म्हणायचे का? तो प्रश्न सुटलेला नसल्यामुळेच ती चिठ्ठी खणात आहे, असे मला वाटते. त्यात आळस मला दिसत नाही.

तुमच्या पतींच्या प्रश्नातला 'निभावलेस' हा शब्द आधी पाहू, कारण तुम्हीही तो जसाच्या तसा मान्य केला आहे. तुम्ही लिहिता की सकाळी द्यायचा अहवाल तुम्ही नेहमी रात्री तीनपर्यंत जागून पूर्ण केला. खात्यात पैसे असूनही बिलांवर विलंबशुल्क भरत आलात. एकदा एका मुलाखतीला उशीर झाला, तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी पाऊण तास आधी पोहोचता आणि तो पाऊण तास दुसरे काहीही न करता केवळ घड्याळाकडे पाहत बसता. हे सगळे निभावणे आहे, हे खरेच. पण त्याची किंमत झोपेतून, पैशांतून आणि स्वतःविषयीच्या मतातून चुकती झाली आहे, आणि ती कोणाला दिसली नाही, कारण अहवाल वेळेवर पोहोचत होता. काम पूर्ण झाले एवढेच बाहेरच्यांना दिसते. ते पूर्ण करण्यासाठी इतरांच्या दुप्पट जिवाचे रान करावे लागले, हे फक्त करणाऱ्याला ठाऊक असते, आणि पुष्कळदा त्यालाही ठाऊक नसते, कारण सगळ्यांचे असेच होत असणार, अशी त्याची समजूत असते.

'आताच काय झाले' याचे उत्तरही तुमच्याच पत्रात आहे. पूर्वी छपाईची तारीख दुसरे कोणी ठरवत असे, मजकूर दुसरे कोणी पाठवत असे आणि तुमच्यासमोर एका वेळी एकच पुस्तिका असे. आता पाच जणांच्या तारखा तुम्हाला ठरवायच्या आहेत, कोणते काम आधी आणि कोणते नंतर हे तुम्हाला सांगायचे आहे, आणि कोणी मागे लागल्याशिवाय ते रोज करायचे आहे. वेळेचा अंदाज घेणे, कामांचा क्रम लावणे, कंटाळवाणे काम वेळेत सुरू करणे हे एडीएचडीत सर्वांत कठीण जाते, आणि तुमच्या बढतीने नेमके तेच काम तुमच्यावर टाकले. तुमच्या मेंदूत दोन वर्षांपूर्वी नवे काही घडले नाही. बाहेरून मिळणारा आधार तेवढा निघून गेला.

प्रौढ वयात निदान होणे हे अनेकांना संशयास्पद वाटते, म्हणून हे थोडे स्पष्ट करते. एडीएचडी मोठेपणी नव्याने सुरू होत नाही, तो मोठेपणी ओळखला जातो. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेच्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली. तिच्यानुसार काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावी लागतात. त्याआधीच्या आवृत्तीत ही अट सात वर्षांची होती. ही लक्षणे घर, काम, नातेसंबंध यांपैकी किमान दोन ठिकाणी दिसावी लागतात आणि त्यांच्यामुळे जगण्यात खरा अडथळा यावा लागतो. मुलांमध्ये नऊपैकी सहा लक्षणांची अट आहे, तर सतरा वर्षांच्या आणि त्यापुढच्या व्यक्तींसाठी पाचांची, कारण वयानुसार धावाधाव कमी होते आणि अस्वस्थता आत जाते. वर्गात दंगा करणारा मुलगा सहज नजरेत भरतो. खिडकीबाहेर पाहत बसलेली, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळे वाचून काढणारी मुलगी 'हुशार आहे, पण लक्ष देत नाही' या एका वाक्यावर सुटते. तुमच्या प्रगतिपुस्तकांत हेच वाक्य चार वेगवेगळ्या शिक्षकांनी लिहिले आहे, असे तुम्ही कळवले आहे. तुमच्या निदानाचा आधार तो आहे.

मैत्रिणीची गोळी हा आधार नव्हे. ती घेतल्यावर काम झपाट्याने झाले, यावरून तुम्हाला एडीएचडी आहे हे सिद्ध होत नाही, आणि समजा काहीच वाटले नसते तर तो नाही हेही सिद्ध झाले नसते. १९७८ साली ज्युडिथ रॅपोपोर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणताही त्रास नसलेल्या १४ मुलांना डेक्स्ट्रोअ‍ॅम्फेटामिन हे याच जातीचे औषध देऊन पाहिले, तेव्हा त्यांचीही हालचाल कमी झाली आणि लक्ष सुधारले. दुसरी बाबही सांगितली पाहिजे आणि ती मी मृदू शब्दांत सांगणार नाही. रक्तदाब वाढता असताना, दुसरे औषध चालू असताना, दुसऱ्याच्या मापाने ठरवलेली गोळी घेणे धोक्याचे होते. पुन्हा असे करू नका, आणि त्या एका दिवसाची गोष्ट डॉक्टरांपासून लपवू नका. त्यांना ती उपयोगी पडेल.

आता औषधाकडे वळू. चष्म्याची उपमा तुम्ही ऐकली असेलच: डोळ्यांना चष्मा, तशी लक्षाला गोळी. मला ती उपमा अर्धीच पटते. अपराधीपणा कमी करायला ती चांगली आहे, पण चष्म्याने भूक मंदावत नाही, नाडी वाढत नाही, आणि चष्मा ज्याला हवा त्याला जवळजवळ हमखास उपयोगी पडतो. हे औषध तसे नाही. मेथिलफेनिडेट मेंदूतील पेशींच्या दरम्यान डोपामिन आणि नॉरअ‍ॅड्रिनलिन ही रसायने थोडा अधिक वेळ टिकून राहतील, असे करते. त्यामुळे नीरस कामाला सुरुवात करणे आणि त्याला धरून राहणे अनेकांना सोपे जाते. अनेकांना, सर्वांना नाही. २०१८ साली 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री' या नियतकालिकात १३३ चाचण्यांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात प्रौढांमध्ये अ‍ॅम्फेटामिन गटातील औषधांचा परिणाम सर्वाधिक दिसला. मेथिलफेनिडेटचाही फायदा दिसला, पण त्याहून कमी. हे निष्कर्ष साधारण १२ आठवड्यांपुरते आहेत. त्यापुढच्या वर्षांबद्दलचा चाचण्यांचा पुरावा बराच तोकडा आहे, म्हणूनच औषध चालू असलेल्यांनी वर्षातून किमान एकदा 'हे अजून हवे आहे का' असे विचारले पाहिजे.

आणि औषध काय करत नाही, हेही स्पष्ट असू द्या. कोणत्या कामाला बसायचे, हे गोळी सांगत नाही. माझ्याकडे येणाऱ्या एका गृहस्थांनी गोळी घेतल्याच्या पहिल्या सकाळी चार तास एकाग्र होऊन संगणकातील जुन्या छायाचित्रांची वर्षांनुसार वर्गवारी केली. कराचे कागद मात्र शेजारीच पडले होते. ते निराश होऊन सांगायला आले की औषध लागू पडत नाही. औषध उत्तम लागू पडत होते, फक्त त्याच्यासमोर चुकीचे काम आले होते. पुढच्या आठवड्यापासून ते आदल्या रात्री टेबल रिकामे करून कराची एकच फाइल उघडून ठेवू लागले आणि त्यांची तक्रार थांबली. तुमच्या बाबतीतही, पत्रात तुम्ही लिहिलेली न उघडलेली पाकिटे गोळी उघडणार नाही. ती हातात घ्यायला लागणारा जोर कदाचित कमी होईल.

तुमच्या प्रश्नाची मांडणीच मला थोडी बदलायची आहे. 'मी औषध घेणारी व्यक्ती व्हावे का', असे तुम्ही विचारता, म्हणजे उरलेल्या संपूर्ण आयुष्याचा निर्णय तुम्ही एका चिठ्ठीवर टांगला आहे. एवढा मोठा निर्णय ११ आठवड्यांत झाला नाही, यात नवल नाही. प्रत्यक्षात तुमच्यासमोर असलेला निर्णय पुष्कळ लहान आहे. साध्या मेथिलफेनिडेटचा परिणाम साधारण तीन-चार तास टिकतो. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्यांचा प्रकारानुसार आठ ते बारा तास. सकाळी घेतलेली गोळी रात्री झोपेपर्यंत बहुतांश निघून गेलेली असते. काही आठवडे घेऊन पाहणे, उपयोग झाला नाही तर डॉक्टरांना सांगून बंद करणे आणि दुसऱ्या पर्यायाकडे जाणे, हा या उपचाराचा नेहमीचा क्रम आहे. तुम्हाला सध्या ठरवायचे आहे ते इतकेच, की काही आठवड्यांची एक नीट नोंदवलेली चाचणी तुम्हाला करून पाहायची आहे का.

अशी चाचणी करायची ठरवलीत, तर नोंद औषधाआधी सुरू करा, कारण नंतर आठवणीवर विसंबून तुलना करणे अशक्य होते. 'लक्ष सुधारले का' हा प्रश्न फार धूसर आहे. तुमच्या पत्रातूनच मी तीन मोजता येणाऱ्या गोष्टी उचलल्या आहेत: सकाळी कार्यालयात बसल्यापासून ठरलेले पहिले काम सुरू होईपर्यंत किती मिनिटे जातात; आठवड्यात किती रात्री बारानंतर काम करावे लागले; आणि किती पाकिटे किंवा संदेश तीन दिवसांहून अधिक काळ न उघडता राहिले. एक आठवडा औषधाशिवाय हे आकडे लिहा, मग औषधासह लिहीत राहा. त्यांच्या खाली झोपेचे तास, भूक, रक्तदाब, नाडी आणि संध्याकाळी औषधाचा परिणाम ओसरताना चिडचिड होते का, एवढे टिपा. नोंद एका ओळीची असावी. सुंदर तक्ता बनवायला बसलात तर तो तिसऱ्या दिवशी बंद पडेल, हे तुम्हीही जाणता. डॉक्टर मात्रा हळूहळू वाढवतील. सहन होणारी सर्वांत मोठी मात्रा हे त्यांचे लक्ष्य नसते. जिथे फायदा स्पष्ट दिसतो आणि त्रास किरकोळ राहतो, तिथे थांबायचे असते.

स्वभाव बदलण्याच्या भीतीचे उत्तरही या नोंदीत सापडेल. एकदम सुचणाऱ्या कल्पना, चटकन हसू येणे, संभाषणात मध्येच वेगळ्या वाटेला जाणे, हे सारे निघून जाईल आणि आपण कोऱ्या होऊ, असे तुम्ही लिहिले आहे. काहींना औषधावर असताना मन बोथट झाल्यासारखे खरोखर वाटते. ती सोसण्याची गोष्ट नाही. मात्रा जास्त झाली आहे किंवा हे औषध तुम्हाला मानवत नाही, याचे ते चिन्ह आहे, आणि त्यावर मात्रा कमी करणे किंवा औषध बदलणे हा मार्ग आहे. तुमच्या जवळच्या एका व्यक्तीला आधीच सांगून ठेवा की 'तू कोमेजलेली दिसतेस' असे वाटले तर लगेच बोलून दाखव.

व्यसनाची भीती निराधार नाही. ही उत्तेजक औषधे आहेत, त्यांचा गैरवापर होतो आणि म्हणूनच अनेक देशांत त्यांच्या विक्रीवर कडक नियंत्रण असते. पण ठरलेल्या मात्रेत तोंडाने घेतलेली गोळी मेंदूत सावकाश पोहोचते, आणि नशेसाठी लागणारी एकदम उसळी त्यात नसते. वैद्यकीय देखरेखीखाली उपचार घेणाऱ्यांमध्ये व्यसनाधीनता वाढते, असे मोठ्या अभ्यासांत आढळलेले नाही. ज्यांना दारूचे किंवा अमली पदार्थांचे व्यसन आहे किंवा होते, त्यांनी ते आधीच मोकळेपणाने सांगावे, कारण त्यांच्यासाठी औषधाची निवड वेगळी होऊ शकते.

व्यसनापेक्षा तुमच्या रक्तदाबाची मला अधिक काळजी वाटते. या औषधांनी रक्तदाब सरासरी २ ते ४ अंकांनी आणि नाडी मिनिटाला ३ ते ६ ठोक्यांनी वाढते. सरासरीत हे किरकोळ दिसते, पण काहींमध्ये वाढ बरीच जास्त असते, आणि तुमचा रक्तदाब आधीच वर-खाली होतो. स्वीडनमधील एका मोठ्या नोंदी-अभ्यासात दीर्घकाळ औषध घेणाऱ्यांमध्ये उच्च रक्तदाब आणि रोहिणीविकार यांचे प्रमाण काहीसे जास्त आढळले. म्हणून औषध सुरू होण्याआधी आठवडाभर घरी रक्तदाब मोजून ती नोंद घेऊन जा. त्याला आधी उपचार लागत असतील तर तेच आधी करावे लागतील. छातीत धडधड, श्रम करताना चक्कर येणे किंवा शुद्ध हरपणे, घरात कमी वयात हृदयविकाराने झालेला मृत्यू, काचबिंदू, स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला झालेला उन्माद किंवा भ्रमाचा आजार, यांपैकी काहीही असेल तर ते डॉक्टरांना न विचारताही सांगायचे आहे. गर्भधारणा असेल किंवा तिचा विचार असेल तर तेही.

फ्लुओक्सेटिन चालू आहे हे तुमच्या डॉक्टरांना माहीत आहे का, हे पत्रातून कळत नाही. ते औषध दुसऱ्या डॉक्टरांनी दिले आहे, एवढेच तुम्ही लिहिले आहे. माहीत नसेल तर आधी हे सांगा. मेथिलफेनिडेटसोबत ते पुष्कळदा दिले जाते, पण दोघांचा मेळ डॉक्टरांनी डोळसपणे घातला पाहिजे. उत्तेजक औषध मानवले नाही तर अ‍ॅटोमॉक्सेटिन हा उत्तेजक नसलेला पर्याय आहे. २००२ साली त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली तेव्हा ती मुले आणि प्रौढ दोघांसाठीही होती. त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात, तेही रक्तदाब आणि नाडी वाढवू शकते, आणि फ्लुओक्सेटिनमुळे त्याचे शरीरातील प्रमाण वाढते, म्हणून मात्रा फार जपून ठरवावी लागते. दोन औषधे दोन वेगळ्या दारांतून आली असली तरी त्यांची गाठ एकाच शरीरात पडते.

आणखी एक शक्यता तपासून घ्या. थायरॉइडचे विकार, रक्तक्षय, झोपेत श्वास अडकण्याचा आजार, पुरते बरे न झालेले नैराश्य आणि रजोनिवृत्तीआधीचे बदल, या सगळ्यांत विसराळूपणा आणि विस्कळीतपणा वाढतो. यांमुळे तुमचे निदान खोटे ठरत नाही, कारण तुमची लक्षणे शाळेपासूनची आहेत. पण गेल्या दोन वर्षांतील भर यांपैकी एखाद्या कारणानेही पडलेली असू शकते, आणि तसे असेल तर गोळीवर नको तेवढी अपेक्षा लादली जाईल. ज्या वाचकांनी अजून तपासणी केलेली नाही, केवळ प्रश्नावली सोडवून स्वतःला ओळखले आहे, त्यांच्यासाठी तर हे अधिकच महत्त्वाचे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या पुढाकाराने तयार झालेली सहा प्रश्नांची प्रश्नावली चांगली आहे, पण पुढे तपासणी करावी का, एवढेच ती सांगते.

औषध न घेणे हाही एक रास्त निर्णय असू शकतो. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, प्रौढ व्यक्तीच्या भोवतालच्या परिस्थितीत योग्य ते बदल करूनही जगण्याच्या किमान एका क्षेत्रात लक्षणांचा मोठा अडथळा उरत असेल, तर औषध सुचवावे. म्हणजे परिस्थितीतील बदल आधी येतात, आणि ते तुमच्या बाबतीत अजून झालेले नाहीत. तुम्ही तीन नियोजन-वह्या आणल्या आणि सोडून दिल्या, त्याला मी परिस्थितीतील बदल म्हणणार नाही. तो पुन्हा इच्छाशक्तीचाच प्रयोग होता. आठवड्यातून दोनदा एका सहकाऱ्याबरोबर पंधरा मिनिटे बसून कामांचा क्रम मोठ्याने ठरवणे, बिले आपोआप भरली जातील अशी सोय करणे, लांब मुदतीच्या कामांना दुसऱ्या कोणीतरी विचारेल अशा मधल्या तारखा ठेवणे, हे बदल होत, कारण ते आठवणीवर चालत नाहीत. प्रौढांतील एडीएचडीसाठी बेतलेली वर्तन-उपचारपद्धतीही आहे, आणि औषध घेऊनही लक्षणे उरलेल्या व्यक्तींना तिचा उपयोग झाल्याचे चाचण्यांत दिसले आहे. मात्र 'आधी बाकीचे सगळे करून पाहीन, मग औषध' या वाटेवर एक खाच आहे. बाकीचे सगळे करायला जी सुरुवात करण्याची शक्ती लागते, तीच तुमची दुखरी जागा आहे. तुमच्या जागी मी असते तर रक्तदाब आटोक्यात असल्याची खात्री करून दोन्ही गोष्टी एकत्र सुरू केल्या असत्या. हे माझे मत आहे. मी समुपदेशक आहे, औषधे लिहून देत नाही, आणि शेवटचा शब्द तुमचा व तुमच्या डॉक्टरांचा आहे.

आणि औषध लागू पडले, तर एका गोष्टीची तयारी ठेवा, जिच्याबद्दल सहसा कोणी सांगत नाही. पहिल्या चांगल्या आठवड्यात आनंदापाठोपाठ पुष्कळांना रडू येते. एखादी फाइल उघडली आणि काम सुरू झाले, इतके सोपे इतरांना रोज असते हे कळते, आणि मग वीस वर्षांपूर्वीची सोडून दिलेली पदवी, तुटलेली मैत्री, गेलेली नोकरी रांगेने समोर येऊन उभी राहते. हा शोक खरा आहे. तो आला म्हणून औषध बिघडले असे समजू नका, आणि त्या दिवसांत एकट्या राहू नका.

पुढच्या भेटीला पतींना सोबत न्या. त्यांचा प्रश्न मला टोमण्यापेक्षा भीतीसारखा वाटतो. ज्या पत्नीला ते ओळखतात ती बदलेल, अशी तुम्हाला वाटणारी भीतीच ते वेगळ्या शब्दांत बोलत असावेत. तो प्रश्न त्यांनी डॉक्टरांसमोर विचारावा, आणि रात्री तीनपर्यंत जागण्याबद्दल तुम्ही मला जे लिहिले आहे, ते तुम्ही त्यांना तिथे सांगावे. ते त्यांना माहीत आहे, असे तुमच्या पत्रावरून वाटत नाही.

११ आठवडे जुनी चिठ्ठी बहुधा चालणार नाही, त्यामुळे नवी भेट घ्यावीच लागेल. भेट ठरवणे हे तुमच्यासाठी सोपे काम नाही, म्हणून ते उद्यावर ठेवू नका: हे वाचून झाल्यावर दवाखान्यात फोन लावा, आणि फोन लावणे जड जात असेल तर फोन पतींच्या हातात देऊन शेजारी बसा. रक्तदाबाची पहिली नोंद त्याच रात्री करा.